हवेचा आवाज कुठे ठेवायचा?

कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं की आधी कान जागे होतात, मग डोळे. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट इथे वसले आणि बंब, हंडे, घंगाळं, कळश्या घडवत त्यांनी पिढ्या काढल्या. पत्र्यावर हातोडीचे ओळीनं, एकसारखे ठसे उमटवणं म्हणजे मठारकाम. ते दिसायला सुंदर असतंच, पण त्या ठोक्यांनी तांबं कठीण होतं आणि भांडं लवकर पोचत नाही. म्हणून ठोका टाळून हे काम होत नाही. खाली काम, वर किंवा मागे बिऱ्हाड, शेजारीही त्याच धंद्यातला. जो आवाज करायचा तोच तो ऐकायचा आणि त्याच आवाजावर घर चालायचं.

मी नोकरीची सारी वर्षं कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाउसमध्ये घालवली. आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो, हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे पुण्याकडे बघताना मला हे शहर कोणी कुठे आवाज केला आणि तो कोणी ऐकला, या हिशेबानं दिसतं. यंदा आषाढ लागायच्या आधी भाचीचा फोन आला. ती धायरीला राहते, नोकरी करते आणि संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये शाडूच्या गणपतींचं रंगकाम करते. तिनं विचारलं, "मामा, गॅरेजमध्ये ठेवायला कमी आवाजाचा कॉम्प्रेसर कोणता घेऊ? भिंतीपलीकडे आजी झोपलेल्या असतात." तिला मॉडेलचं नाव हवं होतं. मला मात्र तिच्या प्रश्नात या शहराचा दीड-दोनशे वर्षांचा व्यवहार दिसला. हवा दाबून तिच्याकडून काम करून घ्यायचं आणि त्यातून उठणारा आवाज कुठेतरी ठेवायचा. तो कुठे ठेवायचा, याचं उत्तर प्रत्येक काळानं वेगळं दिलं.

सुरुवात लोहाराच्या भात्यापासून करावी लागते. चामड्याचा भाता वरखाली करायचा, हवा नळीतून कोळशावर सोडायची. भाता हवेला जेमतेम ढकलतो, दाबत नाही. त्यामुळे भात्याचा स्वतःचा आवाज नाहीच म्हटलं तरी चालेल, कानठळ्या बसतात त्या घणानं. हवेचं यंत्र गोंगाट करू लागलं ते हवा खरोखर दाबायची गरज पडली तेव्हा. ती गरज डोंगर फोडताना पडली.

पुण्याच्या उंबरठ्यावर असा डोंगर फोडला गेला, पण हवेविना. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या चढावर पंचवीस बोगदे आहेत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. जाणकार अभियंते नेमून तिनं काम तडीला नेलं. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं या घाटात राबत होती. पहार, घण आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर त्यांनी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात भोकं पाडली. पटकीनं आणि अपघातांनी किती घरं बसली असतील ते त्या घाटालाच ठाऊक. आजही गाडी मंकी हिलच्या पुढे चढू लागली की मी खिडकीतून बोगद्याच्या तोंडाशी दगडाचा पोत न्याहाळतो. ते मनगटाच्या जोरावर झालेलं काम आहे.

त्याच सुमारास आल्प्स पर्वतात फ्रान्स आणि इटली जोडणारा बोगदा खोदला जात होता. तेरा किलोमीटरच्या आसपास लांबी, १८५७ साली सुरुवात. तिथेही आधी हातानंच खोदकाम चालू होतं आणि त्या गतीनं एक पिढी गेली असती. जर्मेन सोमेये या अभियंत्यानं डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळातून बोगद्याच्या तोंडापासून आत नेली आणि १८६१ पासून त्या हवेवर दगड फोडणारी ड्रिल चालवली. काम संपलेली हवा आतल्या मजुरांना श्वासालाही मिळायची. १८७१ मध्ये तो बोगदा सुरू झाला. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं या कामातली मोठी गोष्ट अशी की हवा दाबणारं यंत्र बाहेर राहिलं आणि हवा तेवढी आत गेली. वाफेला हे जमत नव्हतं, लांबच्या नळात ती थंड होऊन पाणी व्हायची. हवा मैलोगणती नेता येते. यंत्र एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही सोय हवेनं दिली.

पॅरिसनं ती शहराच्या पोटात नेली. तिथे आधी रस्त्यावरची घड्याळं हवेच्या ठोक्यांवर चालवली गेली. मग १८८० च्या दशकात विक्तोर पोप यानं मोठी कॉम्प्रेसर स्टेशनं उभी केली आणि रस्त्याखालच्या नळांतून दाबलेली हवा छोट्या कारखान्यांना आणि कारागिरांना विकायला सुरुवात केली. कारागिरानं तोटी उघडायची, हवेवर चालणारी छोटी मोटर फिरवायची आणि मीटरप्रमाणे पैसे भरायचे. ना बॉयलर, ना धूर, ना घरात धडधड. ही हवेची वाहिनी १९९४ पर्यंत चालू होती. शेजाऱ्याला त्रास न देता घरच्या कामाच्या जागेत हवा आणायची, हा भाचीचाच प्रश्न तिथे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुटला होता. पण तो एकेका माणसानं सोडवला नव्हता, सगळ्या शहरानं मिळून सोडवला होता.

आपल्याकडे दाबलेली हवा सर्वसामान्यांच्या हाती आली ती सायकलच्या चाकातून. बेलफास्टला डनलॉपनं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानानं आपल्या उद्योगाची सुरुवात केली, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतात गेले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेले. त्यांनी १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि १९५८ मध्ये हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक. पुण्यात हवेचा धंदा मोठ्या प्रमाणावर इथे रुजला. स्वीडनच्या अॅटलास कॉप्कोनं १९६० मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि तिचा दापोडीचा कारखाना मुंबई-पुणे रस्त्यावर उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, पिंपरी-चिंचवडचा पट्टा आखला गेला, टेल्को आणि बजाज ऑटो आले. नट आवळायला हवा, रंग मारायला हवा, पकड घट्ट करायला हवा, छिलका उडवायला हवा. पुणेरी कारखानदारीत विजेखालोखाल कोणती शक्ती वापरली गेली असेल, तर ती नळातली हवा.

नकाशा समोर ठेवला तर खडकी, हडपसर, दापोडी, पिंपरी ही सगळी ठिकाणं पेठांच्या बाहेर दिसतात. कारखान्यांना मोकळी जमीन, रस्ता आणि रेल्वे हवी होती, हे तर खरंच. पण त्यामुळे आवाजही आपोआप गावाबाहेर गेला. तांबट आळीत आवाज आणि घर एका छपराखाली होते, इथे त्यांच्यात मैलांचं अंतर पडलं. सदाशिव पेठेतल्या माणसाला दुपारी वामकुक्षी घेता येत होती आणि सोलापूर रस्त्यावर माझ्यासारखी माणसं भोंग्याबरोबर आत जात होती.

कारखान्याच्या आतही तीच पद्धत. कॉम्प्रेसर हाउस मुख्य शेडपासून लांब, बहुधा कुंपणाच्या भिंतीलगत. आमच्याकडे दोन टप्प्यांची, पाण्यानं थंड होणारी, मोठ्या पिस्टनची यंत्रं होती. पहिल्या सिलिंडरमध्ये हवा दर चौरस सेंटीमीटरला दोन-सव्वादोन किलोपर्यंत दाबायची, इंटरकूलरमधून थंड करायची आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये सात किलोपर्यंत चढवायची. प्रत्येक यंत्राखाली जमिनीत खोल गेलेला काँक्रीटचा पाया. सक्शनचा पाइप भिंतीतून बाहेर काढून वर नेलेला आणि त्याच्या टोकाला फिल्टर. दर तासाला प्रेशर, पाण्याचं आणि हवेचं तापमान लॉगबुकात लिहायचं, रिसीव्हरचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी सोडायचं. श्रावणात त्या ड्रेनमधून इतकं पाणी यायचं की नवीन पोरं गळती शोधायला धावायची. हवेतली आर्द्रता दाबली की पाणी होऊन खाली बसते, हे त्यांना तिथेच कळायचं.

आवाज नेमका कुठे जन्मतो, हेही मी त्याच खोलीत शिकलो. लोकांना वाटतं मोटर वाजते. मोटर थोडीच वाजते. सगळ्यात मोठा आवाज हवा आत ओढण्याचा. पिस्टन खाली जाताना दर फेरीला हवेचा एक घोट ओढला जातो आणि सक्शनच्या तोंडाशी तो ठोक्यासारखा ऐकू येतो. त्यानंतर व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्यांची आपट, मग टाकीचा पत्रा आणि जमीन यांच्यात उतरणारं कंपन. सक्शन भिंतीपलीकडे नेला, पायाखाली रबर घातलं, तर त्याच यंत्राशेजारी उभं राहून बोलता येऊ लागतं. दोन्ही गोष्टी आम्ही करून पाहिल्या आणि फरक कुणालाही कळेल इतका होता.

तरी त्या खोलीनं माणसांचे कान घेतले. माझ्या आधीच्या पिढीतले ऑपरेटर आठ-आठ तास आत बसायचे, कापसाचे बोळे घालून किंवा तेही न घालता. साठीच्या आतच त्यांना नातवंडांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते उत्तर द्यायचे आणि घरात सगळ्यांशी ओरडून बोलायचे. नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातली, आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत रोग म्हणून नोंदला गेला, कानावर मफ आले. पण त्यांचे कान परत आले नाहीत. शहरानं आवाज गावाबाहेर ठेवला, तेव्हा तो खरं तर या माणसांच्या कानांत ठेवला होता. ही किंमत कुठल्याही लॉगबुकात लिहिलेली नाही, म्हणून मी इथे लिहितो आहे.

मग यंत्रच बदललं. स्वीडनमधल्या आल्फ लिशोल्म यानं १९३० च्या दशकात दोन मळसूत्री रोटर एकमेकांत फिरवून हवा दाबणारा स्क्रू कॉम्प्रेसर व्यवहारात आणला. आपल्या कारखान्यांत तो रुळायला पुढची अनेक दशकं जावी लागली. त्यात पिस्टनची आपट नाही, व्हॉल्व्हची पट्टी नाही. आवाज आहे, पण एकसुरी आणि उंच पट्टीचा, आणि तसा आवाज पेटीत कोंडणं सोपं असतं. आतून फोम लावलेल्या कॅनॉपीत बसून ही यंत्रं आली आणि कॉम्प्रेसर मुख्य शेडमध्ये, कामगारांच्या शेजारी ठेवता येऊ लागला. शंभर वर्षांनी यंत्र पुन्हा माणसाजवळ आलं.

तोवर शहरही यंत्राजवळ आलं होतं. हडपसरला ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या जमिनींवर मगरपट्टा आणि अमनोरा उभे राहिले. कारखान्याच्या कुंपणाला लागून बाल्कन्या आल्या. अंतर हा उपाय संपला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवली आणि सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस मानला. आता आवाज करणाऱ्यालाच तो आपल्या हद्दीत आवरावा लागणार होता.

तो आवरता येतो, हे पुण्यानं जनरेटरच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. लोडशेडिंगच्या काळात लक्ष्मी रस्त्यावर आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जनरेटर धडधडत असत. सरकारनं नियम केला की १ जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या १००० केव्हीएपर्यंतच्या प्रत्येक नव्या डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा. मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घेणं बंधनकारक झालं. अशा संस्थांपैकी एक म्हणजे वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था. नियम आल्यावर सगळ्या उत्पादकांनी कॅनॉपी बनवली, सायलेन्सर सुधारले. किमती वाढल्या, तरी लोकांनी ते यंत्र घेतलं आणि आज बिनपेटीचा जनरेटर नव्या इमारतीत कुणी उभाही करू देत नाही. अमेरिकेनं १९७६ मध्येच रस्त्यावरच्या फिरत्या कॉम्प्रेसरला सात मीटरवर ७६ डेसिबलची मर्यादा घातली होती. शांत यंत्र बनवण्याची विद्या तेव्हाही होती. ती वापरायला कुणीतरी आकडा ठरवून द्यावा लागतो.

घरगुती छोट्या कॉम्प्रेसरला मात्र हा आकडा भेटलेला नाही. बोहरी आळीत किंवा नाना पेठेत दुकानात जा. खोक्यावर एचपी असतो, टाकीचे लिटर असतात, पीएसआय ठळक छापलेला असतो. डेसिबल क्वचित दिसतो आणि दिसला तरी किती अंतरावर मोजला ते लिहिलेलं नसतं. म्हणून भाचीला मी कंपनीचं नाव सांगितलं नाही, बघायचं काय ते सांगितलं. तेच इथे मांडतो.

पहिलं, कामाला किती हवा लागते ते आधी ठरवायचं. शाडूच्या मूर्तीवर एअरब्रश चालवायला दीड-दोन किलो दाब आणि मिनिटाला साधारण २५ लिटर हवा पुरते. स्कूटरचं पूर्ण पेंटिंग करणाऱ्याला याच्या कित्येक पट हवा लागते. गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलं की गरजेपेक्षा मोठा आवाज घरात येतो.

दुसरं, यंत्र किती वेगानं फिरतं ते बघायचं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांच्या आसपास फिरते, चार पोलची १४४० च्या आसपास. स्वस्त आणि हलका कॉम्प्रेसर वेगावर हवा कमावतो, म्हणून त्याचा आवाज एक मीटरवर नव्वदीला पोचतो. चार पोलची मोटर, दोन सिलिंडर आणि सक्शनवर मोठा सायलेन्सर असलेलं यंत्र साठ ते सत्तरच्या दरम्यान बसतं. वजन जास्त, किंमत जास्त, वेग कमी. नेमप्लेटवर आरपीएम लिहिलेला असतो, तो वाचायचा. पट्ट्यावर चालणारा बिडाचा पंप त्याहूनही सावकाश फिरतो. स्कूटरवाल्यानं तो घ्यावा.

तिसरं, तेल. शाडूची मूर्ती कच्च्या मातीची, रंग पाण्यातला. हवेतून तेलाचा एक थेंब आला तर रंग फाटतो. म्हणून भाचीसाठी ऑइल-फ्री. त्याच्या टेफ्लॉनच्या रिंगा झिजतात आणि तेलाच्या पंपाइतकं आयुष्य त्याला नसतं, हे मान्य करूनच घ्यायचा. आणि गणपतीचा हंगाम नेमका पावसात, म्हणून एअरब्रशच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर हवाच आणि टाकीचा ड्रेन रोज उघडायचा.

चौथं, टाकी. याचा हिशेब मी तिला कागदावर करून दाखवला. ५० लिटरची टाकी सात किलोपासून तीन किलोपर्यंत उतरताना चार गुणिले पन्नास, म्हणजे २०० लिटर मोकळी हवा देते. मिनिटाला २५ लिटर वापरली तर आठ मिनिटं मोटर बंद. मग शंभर लिटर प्रतिमिनिट देणारा पंप वापर चालू असतानाच पावणेतीन मिनिटांत टाकी पुन्हा भरतो. म्हणजे कामाच्या वेळातला जेमतेम पाव वेळ आवाज. २४ लिटरच्या टाकीतही हे प्रमाण बदलत नाही, पण मोटर दर चार-पाच मिनिटांनी उठते आणि झोपलेल्या माणसाला आवाजापेक्षा आवाजाचं सुरू होणंच जास्त जागवतं. भरलेली मोठी टाकी असली तर रात्रीच्या शेवटच्या मूर्तीचे डोळे मोटर बंद ठेवून रंगवता येतात.

पाचवं, अंतर आणि भिंत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. एक मीटरवर ६५ असेल तर दोन मीटरवर ५९, चारवर ५३, आठवर ४७. नव्वदीचं यंत्र आठ मीटरवरही ७२ देतं. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे या दोन यंत्रांत आजींच्या कानाला पाचपटीहून जास्त फरक जाणवणार. तरीही ४७ हा रात्रीच्या ४५ च्या वरच आहे आणि बंद गॅरेजमध्ये आवाज भिंतींवर आपटून वाढतो. म्हणून यंत्र सामाईक भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात, जाड रबरावर, आणि हवा नळीनं कामाच्या टेबलापर्यंत. आल्प्समध्ये सोमेयेनं जे केलं तेच, दहा फुटांच्या मापात.

कपाटात कोंडून आवाज मारायचा मोह होतो. तो आवरावा. हवा दाबताना खर्च झालेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. एक एचपीचं यंत्र म्हणजे बंद कपाटात पाऊण किलोवॉटचा हीटर. पेटी करायचीच तर हवेला यायला-जायला वळणाची वाट हवी, आतून फोम हवा आणि सक्शन बाहेर काढलेला हवा. काही चित्रकार जुन्या फ्रिजचा बंद कॉम्प्रेसर काढून त्यावर एअरब्रश चालवतात. आपल्या सातारा जिल्ह्यात अतीतला किर्लोस्कर कोपलँडनं बनवले त्या जातीचा, पोलादी कवचात सगळं बंद असलेला. तो फार शांत असतो, पण हवा थोडी देतो, तेल सोडतो आणि टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह लावायला करणारा विसरतो. तसा कॉम्प्रेसर मी भाचीला घेऊ दिला नाही.

कारण दाबाची टाकी ही जपण्याची वस्तू आहे. कारखान्यात कायद्यानं तिच्यावर नजर असते, तपासणी होते, कागद भिंतीवर लागतो. घरी निरीक्षक येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहणं, पाणी सोडणं, गंजलेली टाकी वेल्डिंग करून न वापरता भंगारात देणं, हे घरच्यानंच करायचं.

भाचीनं दुकानदाराला सांगून टाकी रिकामी करवली आणि यंत्र समोर पूर्ण भरेपर्यंत चालवून घेतलं. रिकाम्या टाकीवर मिनिटभर चालवून दाखवलेलं यंत्र खरा आवाज सांगत नाही, दाब चढत जातो तसा तो बदलतो. तिनं घेतलेलं यंत्र दुकानातल्या सगळ्यात स्वस्तापेक्षा बरंच महाग पडलं. मी तिला म्हटलं, हे जास्तीचे पैसे आजींच्या झोपेचे आहेत आणि ते तूच द्यायला हवेस, कारण मूर्तीचे पैसे तुला मिळतात. रात्री दहानंतर मोटरचं बटण बंद, हेही तिचं तिनंच ठरवलं.

आपल्या गल्लीत अशी कामाची गॅरेजं वाढणार आहेत. कोणी मूर्ती रंगवेल, कोणी स्कूटर, कोणी लाकडी खेळणी, आणि ती वाढावीत असं मला मनापासून वाटतं. पुणं हातानं काम करणाऱ्यांचं शहर राहिलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक खरेदीदाराला माझ्यासारखा मामा असेल असं नाही. जनरेटरला जो न्याय लावला तोच या लहान यंत्रांना लावावा. प्रत्येक कॉम्प्रेसरच्या खोक्यावर एचपी आणि लिटरच्या शेजारी डेसिबल छापावा, एक मीटरवर मोजलेला, टाकी भरत असतानाचा, एआरएआयसारख्या संस्थेनं तपासलेला. या शहरात कॉम्प्रेसर बनतात, आवाज मोजणारी प्रयोगशाळाही याच शहरात आहे. ही मागणी पुण्यातूनच व्हायला हवी, आणि ग्राहकानं काउंटरवर पहिला प्रश्न डेसिबलचा विचारायला आजपासून सुरुवात केली तर कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.